नऊ नंबरचा जोड

बबन, साहेबांच्या पायाला फोड आलेत. ही बातमी तुला सगळ्यांच्या आधी कळावी म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. उजव्या टाचेला एक, डाव्या चवड्याला दोन, आणि अंगठ्याच्या बुडाशी एक टरारलेला, आतलं पाणी दिसेल असा. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत, हात लावून बघितलेत. तू असतास तर म्हणाला असतास, "सिकू, लाज वाटू दे जरा, मान्साच्या दुखन्यावर हसतो व्हय?" हसलो, आणि अजून हसतोय. तुला जाऊन महिना व्हायचाय आणि आज पहिल्यांदा मला दोन घास नीट गेले.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि तू नेहमीसारखा मध्येच उठून गेलास.

सुरुवात तुझ्या त्या व्रतापासून करतो. साहेब पहिल्यांदा इलेक्शनला पडले, तो दिवस. साहेबांचं नाव मी घेणार नाही. तू जन्मभर घेतलंस तेवढं पुरे झालं. पडले, आणि भर सभेत तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तुला तेवढंच पुरलं. तू माइक ओढून घेतलास आणि ओरडलास, "सायेब निवडून येत न्हाईत तवर पायात चप्पल घालनार न्हाई! आन् घालीन ती सायबांच्याच हातानं!" चपला काढल्यास आणि कालव्यात भिरकावल्यास. टाळ्या पडल्या. मी मागं उभा होतो. माझ्याच दुकानातल्या चपला होत्या त्या, चार दिवसांपूर्वी मीच तुझ्या पायात घालून बघितलेल्या.

आपल्याकडं असली व्रतं नवी नाहीत. कुणी दाढी राखतो, कुणी चहा सोडतो, कुणी अनवाणी फिरतो. नेता निवडून येतो, स्टेजवर बोलावून कार्यकर्त्याच्या पायात स्वतःच्या हातानं चप्पल घालतो, फोटो निघतो, माणूस घरी जातो. तुझं पहिलं वाक्य त्याच चालीतलं होतं. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुझा घात केला तो दुसऱ्या वाक्यानं. साहेबांच्या हातानं कशाला रे? माझे हात काय झडले होते?

मग केडगावच्या बाजारात माझी जी थट्टा झाली ती तू ऐकलीस आणि वर दात काढलेस. "सिकंदरभाई, दोस्ताच्या मापाची चप्पल न्हाई व्हय दुकानात?" चपलांचं दुकान माझं, दुकानाच्या पायरीवर बसणारा माझा दोस्त अनवाणी, आणि गिऱ्हाइकाला तूच सांगणार, "ह्यो जोड घ्या पावनं, लई टिकतो." तुला कसं ठाऊक, टिकतो ते?

त्या पायरीचं एक कर्ज आहे, तेही इथंच बोलून टाकतो. एकदा गावोगाव वातावरण तापलं होतं, माझ्या दुकानावरून जाणारे काही जण पाटीवरचं माझं नाव वाचून थुंकून जात होते. तू तुझ्या गावाहून, खुटबावहून, सकाळीच आलास, पायरीवर बसलास, आणि बाजार उठेपर्यंत हलला नाहीस. मला एका शब्दानं काही म्हणाला नाहीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसता रामराम घालत होतास. दुसऱ्या दिवशी आलास, तिसऱ्या दिवशीही आलास. मी तुला "थँक्यू" म्हणालो नाही, कारण म्हणालो असतो तर तू शिवी दिली असतीस. आता देऊन दाखव.

तुझ्या पायांवर माझा काही हक्क होता तो तिथून. पहिल्याच उन्हाळ्यात तुला फोड आले. प्रचाराला तू गावोगाव पायी, आणि मी मागून स्कूटरवर. डिकीत कापूस, गॉज, चिकटपट्टी, स्पिरिट, सुई. फोडांची विद्या मी सणसवाडीत शिकलो होतो हे तुला माहीत आहे. दुकान टाकायच्या आधी तिथं कंपन्यांच्या गेटबाहेर सेफ्टी शूज आणि मोजे विकायचो. बाहेरगावची पोरं नवे बूट घालून शिफ्ट करायची आणि संध्याकाळी लंगडत यायची. "भैया, जूता काटता है." तिथल्या एका कंपनीतल्या फर्स्ट-एडच्या मामांनी मला हात धरून शिकवलं.

कालव्यावरच्या करंजाखाली तुला बसवायचो. पाय माझ्या मांडीवर. फोड बारका असेल तर हात लावायचा नाही, नुसती पट्टी. मोठा, ताणलेला, पाऊल टेकू न देणारा असेल तर आधी पाय साबणानं धुवायचा. सुई लायटरवर लाल करायची, गार होऊ द्यायची, स्पिरिटनं पुसायची. टोचायचं ते कडेला, मधोमध कधीच नाही. पाणी हलक्या हातानं दाबून काढायचं आणि वरची कातडी तशीच बसू द्यायची. तू नेहमी ती कातडी ओढायला जायचास आणि मी हातावर चापट मारायचो.

"आरं मेलेली कातडी हाय ती!"

"मेली तरी छप्पर आहे. छप्पर काढलं तर आत पाऊस येणार."

मग गॉज, आणि चपलेच्या तळाचा मऊ फोम गोल कापून मधे भोक पाडायचो, म्हणजे भार फोडावर न येता भोवतीनं पडतो. वर चिकटपट्टी. चप्पल विकणाऱ्या माणसानं चपलेचा तळ कापून अनवाणी माणसाच्या पायाला बांधायचा. अल्लाही वरून हसत असेल. तू मात्र एवढ्या वेळात कुठल्या वस्तीवर किती मतं फिरली तेच सांगत असायचास.

मग तुला शुगर निघाली. तिथून सगळे नियम बदलले. मी तुला करंजाखाली बसवून, वहिनींच्या देखत सांगितलं होतं, "बबन, आता फोड आला तर सुई नाही, काटा नाही, काही नाही. झाकायचा आणि डॉक्टर गाठायचा. शुगरवाल्याला पायाचं कळत नाही आणि जखम भरत नाही." सुमनवहिनींनी मान डोलावली. तू म्हणालास, "व्हय रं, कळलं." तुझं "कळलं" म्हणजे काय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं असं लोक म्हणतात. मी म्हणतो, का? मी सांगितलं होतं, एकदा नाही, दर भेटीत सांगितलं होतं. चप्पल घाल म्हणून तुझ्या पाया पडलो होतो. तू म्हणालास, "शबुद हाय माझा. लोकं काय म्हंतील?" तुझ्या वाटचा दोष मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. आणि साहेबांच्या वाटचा तर कुणाच्याच डोक्यावर जाऊ देणार नाही.

यंदा साहेब निवडून आले. गुलालात तू रंगलेला असताना मी शिरूरला निघालो होतो, कारागिराकडं. तुझं माप आधीच काढून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं अनवाणी चालून पाय पसरतो; तुझा आठाचा नऊ झाला होता. आतून मऊ अस्तर, शिवण कुठं टोचणार नाही, अंगठ्याला जागा, शुगरच्या पायाला चालेल असा जोड करून घेतला. खोक्यात घालून वरच्या फळीवर ठेवला. राहिली होती फक्त साहेबांची तारीख.

पहिली तारीख मिळाली, त्या दिवशी साहेब मुंबईला गेले. दुसरी मिळाली, त्या दिवशी कुणाच्या तरी घरचं लग्न निघालं. दर वेळी तू दाढी करून, पांढरा सदरा घालून यायचास आणि मी खोकं फळीवरून काढून पुसायचो. साहेब गाडीची काच अर्धी खाली करून म्हणायचे, "बबनराव, बघू. पुढच्या आठवड्यात टाइम काढतो." काच वर. तू माझ्याकडं वळून म्हणायचास, "बिझी अस्त्यात रं ती." मी तुला विचारलं होतं, निवडून तर आले, आता घाल की गपचूप, कोण बघतंय? तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस.

आणि मग ती मिरवणूक. सत्काराची. शेवटी चप्पल घालायचा कार्यक्रम नक्की ठरला होता. भर दुपारी उघड्या जीपमध्ये साहेब, त्यांच्या डोक्यावर छत्री धरायला माणूस, आणि जीपच्या पुढं डांबरावर तू, हलगीच्या तालावर नाचत. डांबर पातळ झालं होतं. माझ्या बुटाला चिकटत होतं, बबन. तुला काही कळत नव्हतं, कारण तुझ्या पायांनी कळवायचं केव्हाच सोडलं होतं. स्टेजवर पोचेपर्यंत उशीर झाला. साहेबांनी हार घेतले, भाषण केलं, घड्याळ बघितलं. मी खोकं छातीशी धरून पायऱ्यांशी उभा होतो. पीएनं मला हातानं थांबवलं. साहेब उतरताना तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात तू हॉस्पिटलमध्ये होतास. त्या संध्याकाळी घरी जाऊन तू तळव्याचा फोड बाभळीच्या काट्यानं फोडलास, कातडी ओढून काढलीस, हळद दाबलीस आणि तसाच उसाला पाणी धरायला गेलास. वहिनींना कळलं ते वास यायला लागल्यावर. मला फोन आला तेव्हा कडा काळ्या झाल्या होत्या. आधी बोटं गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. मी पलंगाशी बसलेलो. तू डोळे उघडून पहिलं काय विचारलंस? "सायबांचा फोन आलता का?" मला तुझा गळा दाबावासा वाटला होता. मग छताकडं बघून म्हणालास, "सिकू, एका पायाची चप्पल परत घेशील का रं?" आणि हसलास. मीही हसलो. बाहेर जाऊन जिन्यात भिंतीला डोकं टेकून रडलो, ते तुला सांगायचं राहिलं. रक्तात विष पसरलं म्हणाले, आणि तू गेलास. साहेब आले नाहीत.

साहेब आले दशक्रियेला. तिथं माणसं जमतात ना.

आदल्या दिवशी पीएचा फोन. "सिकंदरभाई, ते चपलेचं बॉक्स घेऊन या उद्या. साहेब स्वतःच्या हातानं फोटोपुढं ठेवणार हायेत. लय इमोशनल हुईल." मी म्हणालो, आणतो. खोकं फळीवरच ठेवलं आणि मोकळ्या हातानं घाटावर गेलो. मी कबरस्तानात मूठभर माती देणारा माणूस. घाटावर कुठं उभं राहायचं, काय करायचं, ते वहिनींनी सांगितलं. मी मनाशी ठरवून आलो होतो: कावळा शिवणार नाही. बबनचा जीव त्या चपलेत अडकलाय. मग भर लोकांत साहेबांना विचारीन, आता कबूल करा, काय कबूल करताय?

आणि तू काय केलंस? पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. जणू शेजारच्या झाडावर तयारीतच बसला होता. लोक म्हणाले, "बबन समाधानी गेला." मला इतका संताप आला की मी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. वहिनी माझ्याजवळ आल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "त्येंचं काय राहिलं नव्हतं, भावजी. राहिलंय ते तुमचं," म्हणाल्या. खरं आहे. तू माफ करून मोकळा झालास. मी नाही केलं. मला तुझ्याएवढं मोठं मन नको आहे.

साहेब नेहमीप्रमाणे उशिरा आले, म्हणून सगळ्या श्रद्धांजल्या लांबल्या आणि ऊन वर आलं. मंडपाच्या बाहेर सगळ्यांनी पायातलं काढलेलं. शेकडो जोडांतून साहेबांचे बूट मला लांबूनच ओळखू आले. पोटाचा धंदा आहे तो. आठ नंबर, काळे, नवेकोरे. मी ते उचलले, शांतपणे चालत गेलो, आणि स्कूटरच्या डिकीत ठेवले, तुझ्या कापसाशेजारी.

आत साहेब तुझ्यावर बोलत होते. "बबनराव माझा उजवा हात होता." पीए मला खुणा करत होता, बॉक्स कुठंय? मी हात हलवून दाखवले. साहेब मंडपातून बाहेर आले, बूट शोधले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गाडी घाटाच्या वर, रस्त्याला. मधे सिमेंटच्या फरशा, तव्यासारख्या तापलेल्या. लोक बघत होते, म्हणून साहेबांना ओरडताही येईना. निघाले तसेच. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि चेहरा असा झाला की बबन, मी तुला तो दाखवायला काय वाटेल ते दिलं असतं.

पण राजकारणी माणूस म्हणजे मांजर. कसंही फेका, चार पायांवर पडणार. गर्दीतलं कुणीतरी बोललं, "आरं, सायेब अनवानी निघाल्यात! बबनसाठी!" लगेच दहा मोबाइल वर झाले. पीएनं माइक धरला आणि गहिवरून सांगितलं, "साहेब बबनरावांच्या आठवणीत अनवाणी चाललेत!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. साहेबांनी थांबून हात जोडले. मी बूट चोरले आणि त्याचा हार त्यांच्या गळ्यात पडला. तुझं आयुष्य त्यांनी वापरलं, मरण वापरलं, आणि आता माझा सूडही वापरायला निघाले.

तेव्हा मी पुढं गेलो आणि पीएच्या हातातून माइक घेतला. तू घेतला होतास तसाच, ओढून.

"गाववाल्यांनो, साहेबांनी मला आत्ता कानात सांगितलंय, ते तुम्हाला सांगतो. बबनचं व्रत साहेब पुढं चालवणार आहेत. बबन साहेबांच्या हातानं चप्पल घालायला थांबला होता. तसे साहेब बबनच्या दोस्ताच्या, म्हणजे माझ्या हातानं चप्पल घालतील. तोवर अनवाणी!"

टाळ्या, बबन. तुझ्या वेळी नव्हत्या एवढ्या टाळ्या. साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी लोकांपुढं मान डोलवावी लागली. दोन दिवसांत चौफुल्यावर त्यांच्याच माणसांनी बॅनर लावला, साहेबांचे जोडलेले हात आणि खाली अनवाणी पावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आता झेडपीचं इलेक्शन तोंडावर, साहेबांची माणसं उभी, आणि लोक साहेबांच्या तोंडाकडं बघायच्या आधी पायांकडं बघतात. परवा केडगाव स्टेशनाबाहेर एक म्हातारी म्हणाली, "दाखव की रं पाय, लेकरा."

आणि आज पीएचा फोन आला. आवाज पार खाली. "भाई, तुम्ही फोडाचं चांगलं बघता म्हणे. बाजारात नको. कालव्यावर या."

करंजाखाली गाडी उभी होती. तेच झाड. साहेब गाडीच्या दारात बसले आणि त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला. पांढरा, मऊ, लहान मुलाच्या गालासारखा पाय. मी आधी विचारलं, "शुगर?" म्हणाले, "नाही." शेजारीच बाभळ आहे, तुला माहीत आहे. मी उठलो आणि एक काटा मोडून घेतला. लांब, पांढरा, टोकाला मातकट. साहेबांना काय कळणार होतं? गावठी इलाज समजले असते. काटा हातात धरून मी त्या अंगठ्याच्या बुडाच्या फोडाकडं किती वेळ बघत होतो, मला सांगता येणार नाही. फोडाशी माझं वैर नव्हतं, आणि तरी हात पुढं जात होता.

मग मला तुझ्या हातावर मारलेल्या चापटा आठवल्या. काटा कालव्यात टाकला. पाय साबणानं धुतला, सुई लाल केली, गार केली, स्पिरिटनं पुसली, कडेला टोचलं. कातडी तशीच ठेवली. फोमचं कडं कापून बसवलं. तुला करायचो त्यात मी रतीभरही कमी केलं नाही, आणि ते साहेबांसाठी नव्हतं. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून मान वळवून पट्टी कापत होतो. एवढी वर्षं फक्त तुझाच पाय त्या मांडीवर असायचा.

साहेबांनी पाय टेकवून बघितला. बरं वाटलं असावं. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "सिकंदरभाई, झालं की आता. बबनरावांसाठी तो जोड केला होता ना तुम्ही? तोच आणा. दोन पत्रकार बोलवू, घालून टाका माझ्या पायात. उरकून टाकू."

"तो नऊचा आहे, साहेब. तुमच्या पायात राहणार नाही."

"मग आठचा आणा दुसरा. पण कधी घालताय तेवढं सांगा. लई त्रास व्हायला लागलाय हो."

मी डिकीत कापूस ठेवला, गॉज ठेवलं, चिकटपट्टी ठेवली. खाली साहेबांचे बूट तसेच होते. त्यांच्यावर फडकं टाकलं आणि डिकी लावली. स्कूटरला किक मारली. मग गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेशी वाकून म्हणालो,

"बघू, साहेब. पुढच्या आठवड्यात टाइम काढतो."